चपला कुठं काढता?

चैतू अकरा महिन्यांची आहे आणि दुपारी फार तर पन्नास मिनिटं झोपते. त्या पन्नास-पन्नास मिनिटांत मी श्रीपादकाकांची नोकरी घालवली. एका दिवसात नाही, महिना लागला.

किकवीजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी जिने बनतात. घरांचे, भातगिरण्यांचे, पोल्ट्रीचे. सव्वीस वर्षं त्यांची ड्रॉइंग काकांनी काढली. मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली होते, मग बाळंतपणाला गेले. परत आले तेव्हा मालक मंदारसरांनी मला बोलावून केबिनचं दार लावून घेतलं.

"भार्गवी, काकांच्या डोक्यातले सगळे नियम कॉम्प्युटरमध्ये घाल. उंची टाकली, रुंदी टाकली की पायऱ्या किती, कठडा कुठे, पत्रा किती जाड, सगळं आपोआप ठरून ड्रॉइंग बाहेर. जमलं तर घरी बसून तूच चालव, पोरगी मांडीवर घेऊन. नाही जमलं तर काका आहेतच, मग तू या महिन्यानंतर येऊ नकोस. त्या कामाला मला दोन माणसं नकोत."

"काकांना माहितेय?"

"त्यांचं ओझं कमी करतोय असं सांगितलंय. तू उगाच तोंड उघडू नकोस."

मी उघडलं नाही. आदल्याच आठवड्यात चैतूला पाळणाघरात ठेवून बघितलं होतं. संध्याकाळी घ्यायला गेले तर रडून रडून तिचा आवाज बसला होता. मला बघून ती हसली, आणि त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

काका रोज एकेक नियम सांगायचे. चैतू त्यांच्या टेबलाखाली पट्टी चावत बसलेली असायची.

"पायरीची उंची दोनदा घ्यायची, त्यात पायरीची रुंदी मिळवायची. बेरीज सहाशेच्या आसपास आली पाहिजे. म्हणजे म्हातारं माणूससुद्धा न थांबता चढतं. लिहिलंस? वाच बघू."

मी वाचायची. कुठे चुकले तर ते रागवायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. दुपारी चैतू झोपली की मी तो नियम प्रोग्रॅममध्ये घालायची.

मंदारसरांनी परीक्षेसाठी काकांची जुनी वीस ड्रॉइंग काढली. प्रोग्रॅमने तीच मापं घेऊन तशीच ड्रॉइंग काढायला हवी होती. चौदा जुळली. उरलेल्या सहा जिन्यांत काकांनी जमिनीलगतची पहिली पायरी साठ मिलिमीटर जास्त उंच ठेवली होती. का, ते मापांवरून काही कळेना. उंची तीच, रुंदी तीच, तरी एका जिन्यात साठ जास्त आणि दुसऱ्यात नाही. काकांना विचारलं तर चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"हात तसाच गेला असेल गं. पण चुकला नसणार."

"म्हणजे सहा गिऱ्हाइकं पहिल्याच पायरीला तोंडावर पडणार," मंदारसर हसले. "शुक्रवारपर्यंत बघतो, बाईसाहेब. मग तुमची ओटी भरून पाठवणी करू."

गुरुवारी संध्याकाळी मी चैतूला कडेवर घेऊन भोरला काकांच्या घरी गेले. तिला मुद्दाम नेलं. ती मांडीवर असली की काका कशालाच नाही म्हणत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

सुलूकाकूंनी वाटीत वरणाचं पाणी दिलं. काका तिला चमच्याने भरवायला लागले, तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. हात गुंतलेले म्हणून मीच स्पीकरवर टाकला. गुंजवण्याहून आनंदराव बोलत होते, नव्या घराला जिना हवा होता.

"उंची किती?"

"धा फूट धरा. मिस्तरी म्हनला तसं."

"बरं. चपला कुठं काढता?"

"आँ?"

"चपला हो, आनंदराव. जिन्याच्या खाली का वर?"

"खालीच की! वर देव हायती. आमची मंगल चपलंनं वर जाऊ दील व्हय? जीव घील माजा!"

"मग ठीक आहे."

काकू आतून म्हणाल्या, "सव्वीस वर्षं हेच चाललंय. लोकांना वाटत असेल, ह्यांचं चपलांचं दुकान आहे."

मी वाटी खाली ठेवली. "काका, हे कशाला विचारता?"

"अगं, नव्या घरात लोक जिना आधी बसवतात आणि फरशी मागनं. फरशी आली की पहिली पायरी तेवढी बुडते. पाय अडखळतो. पण 'फरशी टाकणार का' असं विचारलं की 'बघू' म्हणतात, त्यांचंच ठरलेलं नसतं. चपलांचं मात्र ठरलेलं असतं. खाली काढणार म्हणजे खाली राहतं घर, आज ना उद्या फरशी येणारच. गिरणीत नि पोल्ट्रीत चपलेनंच वर जातात, तिथं कोबा तसाच राहतो." ते एकदम थांबले. "हां! तुझे ते सहा जिने! राहत्या घरांचे असणार बघ!"

चमचा हवेतच राहिला होता. चैतू तोंड उघडून वाट बघत होती.

तेव्हा मला विसरून जाता आलं असतं. मी मोबाईल काढला आणि लिहिलं: चपला खाली, साठ मिळवा. चपला वर, काही नको.

काका वाकून बघत होते. "'खाली' नीट लिही. घाईत नसतं काही करायचं."

शुक्रवारी वीसच्या वीस जुळली. पडद्यावर उंची आणि रुंदीच्या खाली आता तिसरा रकाना होता, चपलांचा. तो बघून मंदारसर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"यासाठी हा माणूस सव्वीस वर्षं ठेवला होता मी? जा, तूच सांग त्यांना. सोमवारपासून नको म्हणावं. मला इथे रडारड नको."

"सर, दोनच वर्षं राहिलीत त्यांची."

"मग तू सोडतेस?"

मी चैतूचा मोजा वर ओढला. तो नीटच होता.

तिला घेऊन मी भोरला गेले. काका घराच्या दारातच उभे होते. चपलांचा नियम लागू पडला का ते ऐकायला सकाळपासून तिथंच थांबले होते, सरांनी त्या दिवशी त्यांना सुट्टी दिली होती, असं काकू म्हणाल्या.

"किती?"

"वीस."

"सुलू! अगं, सगळी जुळली! पोरीनं करून दाखवलं! साखर आण!" त्यांनी चैतूला माझ्याकडून घेतलं आणि डोक्याच्या वर उचललं. ती खिदळायला लागली. काकू साखरेचा डबा घेऊन आल्या.

"काका, सोमवारपासून तुम्ही येऊ नका म्हणालेत. ते काम आता प्रोग्रॅम करेल. आणि मी."

त्यांनी तिला हळूहळू खाली घेतलं.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"काल भरवत होतो तेव्हा ठाऊक होतं?"

"हो."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या आत गेल्या. चैतूने काकांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं होतं. त्यांनी तिचं एकेक बोट सोडवलं, तिला दुखणार नाही अशा बेताने, आणि तिला माझ्याकडे दिलं. तिने लगेच दोन्ही हात पसरून पुन्हा त्यांच्याकडे झेप घेतली.

त्यांनी हात पाठीमागे नेले.