चोपन्न जणींचं तिखट पुडिंग

मनकर्णाबाई पडल्या तेव्हा संध्याकाळची खिचडी शिजून झाली होती, एवढंच काय ते बरं. राहात्याच्या त्या मुलींच्या वसतिगृहात मागच्या अंगणात भांडी घासायचा ओटा होता. तिथं साबणाच्या पाण्यावर त्यांचा पाय सटकला आणि सगळा भार उजव्या हातावर आला. कट्‌ असा आवाज त्यांनी स्वतःच ऐकला. ओरडल्या मात्र नाहीत. आत चोपन्न मुली अभ्यासाला बसल्या होत्या आणि त्यातल्या एकोणीस जणींचा दुसऱ्या दिवशी दहावीचा पहिला पेपर होता.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मनगटाला प्लास्टर घातलं. "पाच आठवडे. या हातानं पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही," त्यांनी बजावलं. मनकर्णाबाई "व्हय, व्हय" म्हणाल्या आणि बाहेर पडता पडता प्लास्टरवरून पदर ओढून घेतला.

तो पदर काही लाजेचा नव्हता. नवरा वारल्यावर त्या या स्वयंपाकघरात आल्या, त्याला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षांत ताप येवो की सण, मुली उपाशी राहिल्या असं एकदाही झालं नव्हतं. पण आता दिवस वेगळे होते. आठवड्यापूर्वीच शहरातून जेवणाचे ठेके घेणारा एक ठेकेदार येऊन टेपनं स्वयंपाकघर मोजून गेला होता. संस्थेचे आप्पासाहेब त्याच्याशी हसून बोलत होते. शुभांगी मॅडम, म्हणजे नव्या अधीक्षिका, शेजारी गप्प उभ्या होत्या. मॅडमना येऊन जेमतेम दोन महिने झालेले. फार बोलायच्या नाहीत, सगळं वहीत टिपून ठेवायच्या. अशा बाईला मोडका हात दाखवायचा म्हणजे आपणच आपल्या हातानं ठेकेदाराला दार उघडून देण्यासारखं, असं मनकर्णाबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यात पोळ्या लाटायला जोडीला असणाऱ्या केशरबाई लेकीच्या बाळंतपणाला काष्टीला गेलेल्या. त्या आठवडाभर तरी येणार नव्हत्या.

एका हातानं चोपन्न जणींच्या पोळ्या कशा लाटायच्या? पोहे करावेत, तर ती कढई शेगडीवरून उतरवायला दोन धड हात लागतात. मुलींना हाताशी घ्यावं, तर पेपरच्या दिवशी कुणाला कांदा चिरायला बसवायचं? आणि मुलींना कळलं की मॅडमना कळलंच.

दिवेलागणीला त्या मागच्या गल्लीत सूर्यभानच्या बेकरीत गेल्या. चहाबरोबर पाव द्यावा, एक दिवस तर काढायचा आहे, असा विचार. सूर्यभान साठीचा, अंगानं आडवा आणि जिभेनं तिखट माणूस. पदराखालचं पांढरं त्यानं लगेच हेरलं.

"हाताला काय झालं गं, मनकर्णा?"

"काय न्हाई. जरा लचकलाय."

"लचकलेल्या हाताला चुना फासत्यात व्हय? दाव बरं."

मग सांगावंच लागलं. सूर्यभाननं सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या फळीकडे बोट केलं. "पाव लई हाय. एका लग्नघरानं सांगितला आन्‌ नेलाच न्हाई, तारीख म्हनं पुढं गेली. अकरा डझन पडून हाय. पर मनकर्णा, पोरी तीन तास लिहिनार. कोरड्या पावावर त्यांना धाडतीस व्हय?"

हे वाक्य मनकर्णाबाईंना लागलं, कारण तेच त्यांच्या मनात होतं. त्या फळीवरच्या पावाकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांना फार जुनं काहीतरी आठवलं. लग्नाआधी दोन वर्षं त्या नगरला एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होत्या. तिथल्या मोठ्या सिस्टर दर रविवारी आठवड्याचा उरलेला पाव ट्रेसारख्या मोठ्या, खोल पत्र्यात अंथरायच्या, वर दूध-अंडी ओतायच्या आणि सगळा पत्रा भट्टीत सरकवून प्रार्थनेला निघून जायच्या. परत येईपर्यंत साठ माणसांचा नाश्ता तयार. ढवळायला नको, लाटायला नको, परतायला नको. पेशंट त्याला 'तिखट पुडिंग' म्हणायचे.

"सूर्यभानदादा," त्या म्हणाल्या, "सकाळी तुमची भट्टी कवा रिकामी हुती?"

"साडेसहाला पावाचा शेवटचा घाणा निघतो. का?"

त्यांनी सांगितलं. सूर्यभानच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कांदा घालनार? माझ्या नानकटाईला कांद्याचा वास लागला तर?"

आतून त्याची बायको पुष्पावती बाहेर आली. तिनं सगळं ऐकलेलं दिसत होतं. "लागंल तर लागंल," ती म्हणाली. "कांदा मी चिरते. पोरींचा पेपर रोज रोज न्हाई येत."

सूर्यभान फळीवरचा पाव खाली उतरवायला लागला. म्हणजे हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मनकर्णाबाई बेकरीत हजर होत्या. दूधवाल्याला त्यांनी वसतिगृहाचं दूध थेट इथंच टाकायला सांगितलं होतं. कोठीतला बेसनाचा डबा, दही आणि कोथिंबीर त्यांनी डाव्या काखेत मारून दोन फेऱ्यांत आणलं. केकसाठी ठेवलेली अंडी सूर्यभाननं न मागता पुढं केली, दोन ट्रे भरून साठ.

पाव तोडायचं काम डाव्या हातानं जमलं. शिळा पाव बरा, दूध पिऊनही त्याचा लगदा होत नाही, हे त्यांना सिस्टरांचंच बोलणं आठवत होतं. अंडी फोडणं मात्र अवघड गेलं. पहिली चार पातेल्याऐवजी फरशीवर गेली. पाचवं कवचासकट पातेल्यात. मग अंदाज आला. कडेवर एक टिचकी, अंगठा आत, आणि सोडून द्यायचं. विसाव्या अंड्यापर्यंत त्यांचा हात असा बसला की कांदा चिरणारी पुष्पावती सुरी थांबवून बघायला लागली.

चार खोल पत्रे तेलानं पुसले. खाली पाव, वर पुष्पावतीनं उकडून ठेवलेल्या बटाट्याच्या फोडी, कांदा, मिरची, कोथिंबीर, वर पुन्हा पाव. अंडी, दूध, मीठ, हळद आणि जिरं एकत्र घुसळून पुष्पावतीनं तीन पत्र्यांवर ओतलं. चौथा वेगळा ठेवला. वसतिगृहात नऊ मुली माळकरी घरच्या होत्या, त्यांना अंडं चालायचं नाही. त्या पत्र्यासाठी मनकर्णाबाईंनी दह्यात बेसन कालवलं, पिठल्याहून पातळ. सिस्टरांनी असं कधी केलं नव्हतं. हे जमेल की नाही, देव जाणे.

अर्धा तास पाव भिजू दिला. मग सूर्यभाननं लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून एकेक पत्रा भट्टीत सारला आणि लोखंडी दार लावलं.

आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं आणि तेच मनकर्णाबाईंना सोसवेना. शेगडीवर शिजणारं दिसतं, हलवता येतं, चाखता येतं. दाराआड काय चाललंय, कुणाला कळणार? सव्वासात झाले, साडेसात झाले. पेपरचं सेंटर दुसऱ्या गावी होतं. मुलींची जीप नऊला निघायची होती.

पाऊण तासानं सूर्यभाननं एक पत्रा पुढं ओढला. कडा फुगून सोनेरी झाल्या होत्या, पण पत्रा हलवला तसं मधलं सगळं डुचमळलं.

"कच्चं हाय," सूर्यभान म्हणाला.

मनकर्णाबाई भट्टीच्या दाराशी वाकल्या. "भट्टी गार झाली का?"

"पाव काढल्यावर उतरतीच की ती. चार लाकडं घालतो. पर येळ लागंल."

तो लाकडं सारत असतानाच बेकरीच्या दारात सावली पडली. शुभांगी मॅडम. केस न विंचरलेले, पायात घरातल्याच सपाता. धावत आल्यासारख्या धापा टाकत होत्या.

"मावशी, तुम्ही इथं आहात?"

मनकर्णाबाई एकदम उभ्या राहिल्या. घाईत पदर खांद्यावरून घसरला आणि पांढरंशुभ्र प्लास्टर भट्टीच्या उजेडात सगळ्यांसमोर आलं. झाकायचा प्रयत्नसुद्धा त्यांनी केला नाही. सोळा वर्षं इथं संपली, असं त्यांना वाटलं.

"मॅडम, काल पडले मी," त्या म्हणाल्या. "सांगितलं न्हाई, चुकलं माझं. पर पोरींना उपाशी न्हाई धाडनार. थोडं कच्चं हाय, हुईल आता. मग तुमी काय लिहायचं ते वहीत लिवा."

मॅडमनी प्लास्टरकडे पाहिलं. मग भिंतीलगतच्या पिठाच्या पोत्यावर मटकन बसल्या.

"स्वयंपाकघरात गेले तर शेगडी थंड," त्या म्हणाल्या. "डबे जागेवर नाहीत, तुमच्या खोलीला कडी. मला वाटलं, तुम्ही गेलात. ठेकेदार येऊन गेल्यापासून तुम्ही माझ्याशी धड बोलत नव्हतात. म्हटलं, राग धरून निघून गेल्या. आता चोपन्न मुलींना काय घालू? एसटी स्टँडवर शोधून आले मी तुम्हाला."

"मी? आन्‌ कुठं जानार?"

"मला काय माहीत? तुम्ही कधी काही सांगता का?"

"तुमी तरी कवा काय सांगता, मॅडम?"

बोलून गेल्यावर मनकर्णाबाईंनी जीभ चावली. पण मॅडम हसल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"खरंय," त्या म्हणाल्या. "त्या ठेकेदाराचा कागद मी सोमवारीच सही न करता परत पाठवला. आप्पासाहेबांना सांगितलं, मुली इथं अंग धरतात ते मावशींच्या हातचं खाऊन. त्यांनाही पटलं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही की तुम्हाला घोर लागला असेल."

आठवडाभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी अलगद उचलून घ्यावा तसं मनकर्णाबाईंना झालं. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी डाव्या हातानं पुसलं, आणि त्या हाताला कांदा लागलेला असल्यामुळे आणखीच आलं. पुष्पावतीनं पुढं होऊन स्वतःच्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"रडारड मागनं करा," सूर्यभान ओरडला. "हिकडं बघा आधी."

त्यानं पत्रा बाहेर ओढला होता. आता तो हलवला तरी काही हललं नाही. वरचा पाव खरपूस तांबूस, मधे फुगून आलेला, आणि मिरची-कोथिंबिरीचा असा घमघमाट की बाहेर टोस्ट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आत डोकावून "हे काय भावानं दिलं?" म्हणून विचारायला लागलं. मनकर्णाबाईंनी मधोमध सुरी खुपसली. कोरडी निघाली. दुसरा झाला होता, तिसराही. शेवटी बेसनाचा. त्याला वर एक आडवी भेग गेली होती, पण आतून तो ढोकळ्यासारखा जाळीदार झाला होता. त्यांनी कोपरा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

"कसं हाय?" पुष्पावतीनं विचारलं.

"लई ग्वाड न्हाई, लई तिखट न्हाई. पोरी खातील."

पाव पोचवायच्या हातगाडीवर चारही पत्रे चढले. सूर्यभान ढकलायला, एका बाजूला पुष्पावती, दुसऱ्या बाजूला मॅडम, आणि मागून मनकर्णाबाई. वसतिगृहाच्या फाटकाशी पोचले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मुली ताटल्या घेऊन ओळीनं उभ्या होत्या आणि एकमेकींना निबंधाचे विषय विचारत होत्या.

मॅडमनी स्वतः सुरी घेऊन चौकोनी वड्या पाडल्या. "हा पत्रा अंड्याचा नाही," त्यांनी मोठ्यानं सांगितलं आणि नऊ जणींना आधी वाढलं. निकिता नावाची एक मुलगी होती, परीक्षेच्या सकाळी तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. सहामाहीला ती वर्गात भोवळ येऊन पडली होती. मनकर्णाबाईंचं सगळं लक्ष तिच्याकडे. तिनं वडीचा कोपरा उचकटला, वास घेतला, चाखला. मग मान खाली घालून सगळी वडी संपवली आणि ताटली पुढं केली.

"मावशी, कडेची देता? कुरकुरीत?"

तिला दोन कडेच्या मिळाल्या.

मग मुलींना प्लास्टर दिसलं आणि एकच गलका झाला. कुणी हात धरला, कुणी हाडाला काय होतं ते विज्ञानाच्या पुस्तकातलं सांगायला लागली. एकीनं पेन काढून प्लास्टरवर आपलं नाव लिहिलं, तशी दहावीच्या साऱ्याच जणींनी लिहिली. मॅडमनी घड्याळ दाखवत त्यांना जीपकडे पिटाळलं. दोन खेपांत सगळ्या गेल्या. चारही पत्रे पुसल्यासारखे रिकामे होते. सूर्यभान ते गाडीवर टाकून निघाला. जाताना म्हणाला, "मंगळवारी दुसरा पेपर ना? पाव ठिवतो." नानकटाईच्या वासाचं त्यानं नाव काढलं नाही.

मॅडमनी मनकर्णाबाईंना स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, पंखा लावला आणि चहा करून दिला. चहा अगदीच पाणचट होता. मनकर्णाबाई तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. कालपासून त्या चाखलेल्या कोपऱ्याशिवाय त्यांच्या पोटात काहीच गेलं नव्हतं, हे त्यांना आत्ता जाणवलं. हात ठणकत होता, पण तो आता नुसताच ठणकणारा हात होता. त्यात भीती नव्हती.

मॅडमनी पदर खोचला आणि सर्वांत मोठं पातेलं शेगडीवर चढवलं.

"आता दुपारचं. केशरबाई येईपर्यंत हात माझे, तोंड तुमचं. घरी मी तीन माणसांपलीकडे कधी केलेलं नाही, तेव्हा नीट सांगा. डाळ किती घालू? चार वाट्या?"

"चार वाट्या!" मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्या भिंतीला टेकल्या. "अवो मॅडम, चार वाट्यांत तर माझी एकटी निकिताच जेवून उठंल. तो डबा घ्या. तो न्हाई, त्याच्यामागचा. मी बास म्हनेपतूर वतत ऱ्हावा."

मॅडम ओतत राहिल्या.