छोट्या लाइनीवरचा निळा पट्टा

मी लग्नाचा फोटोग्राफर आहे. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात माझा स्टुडिओ आहे आणि बावीस वर्षं मी लोकांना ‘मामा, जरा डावीकडे सरका’, ‘काकू, डोळे उघडे ठेवा’ असं सांगत आलो आहे. बावीस वर्षं मामा उजवीकडेच सरकत आले आहेत. त्यामुळे सुट्टी मिळाली की मी माणसं नसलेले फोटो काढतो. तळी, धानाची शेतं, जुनी देवळं, ओस पडलेल्या कचेऱ्या. भिंत डोळे मिटत नाही. तळं ‘माझा चेहरा जाड आला’ म्हणून भांडायला येत नाही. घरचे याला माझं खूळ म्हणतात, मी त्याला कला म्हणतो, आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम आहेत.

यंदा माझ्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. अनंतराव म्हणजे जुने रेल्वेवाले. रायपूरहून अभनपूरकडे जी छोटी लाइन जायची, तिच्यावरच्या एका चिमुकल्या स्टेशनात ते ऐन तारुण्यात दहा वर्षं मास्तर होते. माझा जन्म त्यांची रायपूरला बदली झाल्यानंतरचा, त्यामुळे त्या स्टेशनाच्या गोष्टीच तेवढ्या माझ्या वाट्याला आल्या. छोटी लाइन आता गेली, मोठी लाइन आली, पण ती इमारत तशीच बाजूला उभी आहे असं कानावर आलं होतं. म्हटलं, तिचाच मोठा फोटो काढून बाबांना भेट द्यावा. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. उद्या दहा जण कॅमेरे घेऊन पोचतील.

एका बुधवारी जाऊन आलो. जागा पाहिली आणि माझा जीव हरखला. भिंतींचे पोपडे निघालेले, छपराचे कवेलू घसरलेले, दारापर्यंत बेशरमची झुडपं माजलेली. अशी इमारत दिसली की आम्हा लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मोठा कॅमेरा बरोबर नव्हता, म्हणून मोबाइलवरच एक फोटो घेतला. तेवढ्यात पासष्टीच्या घरातली एक बाई शेळ्या घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

‘‘काबर खिंचत हस येला?’’ तिनं विचारलं. या खंडराचा फोटो कशाला, असा तिचा सूर होता.

मी हिंदीत सांगितलं की माझे वडील इथे मास्तर होते, त्यांना दाखवायचाय, आणि येत्या रविवारी सकाळी मोठा कॅमेरा घेऊन पुन्हा येणार आहे. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, बाबांचं नाव विचारलं, ‘‘हव,’’ म्हणाली आणि शेळ्या हाकत निघून गेली. जाताना कोणीतरी तिला ‘ए सुकवारो’ म्हणून हाक मारली, म्हणून मला तिचं नाव कळलं.

घरी येऊन मी तो फोटो काळा-पांढरा केला, सावल्या गडद केल्या, पोपडे चांगले उठावदार केले. मोठा फोटो भेट म्हणून होताच, पण मला धीर कुठला? संध्याकाळी बाबांपुढे मोबाइल धरला.

‘‘ओळखा पाहू बाबा, कुठलं आहे?’’

बाबांनी चष्मा नाकावर सरकवला, फोटो जवळ घेतला, लांब धरला. ‘‘मले नाही माहीत. कोणाचं खंडर आहे?’’

‘‘अहो, तुमचं स्टेशन! दहा वर्षं होते तुम्ही तिथे.’’

‘‘मी कुठं होतो ते मले माहीत आहे,’’ बाबा म्हणाले. ‘‘हे ते नाही.’’ आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

माझी बायको राधिका दारात उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. गेल्या महिन्यात बाबांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. माझ्या लेकीला, गंधालीला, दोनदा ‘माया’ म्हणून हाक मारली होती, आणि माया म्हणजे माझी आत्या, ती जाऊनही नऊ वर्षं झाली. त्या वेळी आम्ही हसलो होतो. आता हसू येईना.

स्वयंपाकघरात गंधाली हळूच म्हणाली, ‘‘पापा, आजोबा सच में भूल गए क्या?’’

‘‘म्हातारपणी होते असं कधी कधी,’’ राधिका म्हणाली. ‘‘सोहळा झाला का डॉक्टरले दाखवून देऊ. आता काहून विचार करून राहिले तुमी?’’

पण मी विचार करूनच राहिलो होतो. माणूस चष्मा विसरतो, नावं विसरतो, ठीक आहे. पण बाबांनी ते स्टेशन विसरावं? त्या दहा वर्षांच्या गोष्टी ऐकत तर मी मोठा झालो. मला भीती वाटली, सरळच सांगतो. मग मी स्वतःची समजूत घातली की मोबाइलवरचा इवलासा फोटो, त्यात काळा-पांढरा, कोणाला ओळखू येणार? रविवारी मोठ्या कॅमेऱ्यानं काढू. एकेक पोपडा, एकेक कवेलू दिसेल असा काढू, तीन फुटांचा प्रिंट करू, मग पाहू कसे ओळखत नाहीत ते.

रविवारी उन्हं वर यायच्या आत तिथे पोचलो. गाडीतून उतरलो आणि आधी वाटलं, आपण चुकीच्या गावात आलो.

भिंती पांढऱ्याशुभ्र. छुही म्हणून इथे एक पांढरी माती मिळते, दिवाळीला घरं सारवतात ती, तिचे दोन हात दिलेले. बेशरमचा मागमूस नाही. कवेलू जागच्या जागी. दाराला झेंडूचं तोरण, अंगण शेणानं सारवलेलं, आणि भिंतीच्या तळाला सगळीकडून निळीचा रुंद पट्टा. समोर पाच-सहा बायका हात छुहीनं माखलेले घेऊन उभ्या, आणि मधोमध सुकवारो, मुलीच्या लग्नातल्या आईसारखी.

‘‘हे काय केलं तुम्ही!’’ मी मराठीतच ओरडलो. मग हिंदीत, मग पुन्हा मराठीत. जुनेपणा गेला, सगळं बिघडवलं, हे काय रंगपंचमी लावलीय, असं मी तोंडाला येईल ते बोललो. आज आठवलं की लाज वाटते.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सुकवारो मात्र ढिम्म हलली नाही. ‘‘बिन लिपे-पोते के फोटू खिंचाथे का बाबू?’’ ती म्हणाली. सारवण-रंगवण न करता कोणी फोटो काढतं का, असं तिचं म्हणणं. ‘‘मास्टर बाबू देखही!’’

मास्तरबाबू बघणार आहेत म्हणून चार दिवस खपल्या होत्या बिचाऱ्या. बावीस वर्षं लग्नं काढली, मेकअप न करता नवरी फोटोला उभी राहिलेली मी एकदाही पाहिली नाही, हे मला तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं. सुचलं नाही. मी फुरंगटून तिपाई लावली. सुकवारोनं सगळ्यांना ‘हटव, हटव’ करून चौकटीबाहेर काढलं, शेळ्यासुद्धा. कॅमेऱ्यातून पाहताना दिसलं की निळ्या पट्ट्याच्या खाली, छुहीतून, जुन्या पट्ट्याची एक पुसट रेघ डोकावते आहे. नवा पट्टा जरा वर लागला होता. म्हटलं, लागू दे. आता कशानं काय फरक पडतो.

चहा पाजल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. पिशवीभर बोरंही दिली. मी माफी मागितली तर सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. परतताना गाडीत मात्र माझा जीव थाऱ्यावर नव्हता. होती ती खूणही पुसली गेली होती. जुनं स्टेशन ज्यांना ओळखता आलं नाही, ते हे नवं कोरं काय ओळखणार?

फोटो न दाखवण्याचाच माझा बेत होता. राधिकानं ऐकलं नाही. ‘‘बायांनी एवढी मेहनत केली नं? लावा,’’ ती म्हणाली. मग रंगीत प्रिंट काढला, चौकट केली, आणि सोहळ्याच्या दिवशी ओवाळून झाल्यावर मी ती बाबांपुढे धरली. या वेळी कुठलं आहे ते विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

बाबांनी चष्मा सरकवला. चौकट गुडघ्यावर घेतली. राधिकाच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं.

मग बाबांचं बोट काचेवर फिरू लागलं. ‘‘ही तिकिटाची खिडकी. हा माह्या खोलीचा दरवाजा, पावसाळ्यात फुगून बसे. इथं कंदील टांगाचो.’’ बोट खाली आलं आणि निळ्या पट्ट्यावर थांबलं. बाबांच्या कपाळाला आठी पडली. ‘‘हा पट्टा चार बोटं वर लावला.’’

मी वाकून पाहिलं, जुन्या पट्ट्याची पुसट रेघ खाली डोकावतच होती.

‘‘दर दिवाळीले आन साहेब तपासणीले आले का मी छुही लावून घेवो,’’ बाबा म्हणाले. ‘‘पट्टा माहा मीच आखून देवो, पायरीच्या बरोबरीनं. आन दर बारी चार बोटं वर. सुकवारो अजून आहे काय तिथं? तेच असन. बारा-तेरा वर्साची पोट्टी होती, पण खाली वाकाचा तिले तेव्हापासून कंटाळा.’’

सुकवारोचं नाव मी घरात एकदाही घेतलं नव्हतं. राधिकालासुद्धा मी ‘गावातल्या बाया’ एवढंच सांगितलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती निरांजन खाली ठेवून पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती. माझं काही वेगळं नव्हतं.

‘‘मग त्या दिवशी मोबाइलवर काहून नाही ओळखलं बाबा?’’ मी विचारलं.

‘‘ते?’’ बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सहावीत गेलो. ‘‘माहं स्टेशन तसं एक दिवस नव्हतं. तू चांगल्या जागेचा मयताचा फोटो काढून आणशीन आन मी त्याले माहं म्हणू?’’

गंधाली फिदीफिदी हसली. ‘‘पापा, आपकी कला गई!’’

गेली तर गेली. मी चौकट भिंतीला लावली, बाबांनी ती तिरकी आहे म्हणून दोनदा काढायला लावली, आणि तिसऱ्यांदा समाधान झाल्यावर खुर्चीत टेकून पाहत बसले.

‘‘रविवारी गाडी काढ,’’ ते म्हणाले. ‘‘आन रंगाची एक चांगली कुची घेजो. तो पट्टा खाली घेऊन येऊ.’’