देवाला एको किती

स्टुडिओत त्याला सगळे ‘खोकला’ म्हणायचे. औषधाच्या एका जाहिरातीत तो असा काही खोकला होता, की बाटल्या धडाधड खपल्या आणि नाव कायमचं चिकटलं. एरवी परदेशी सिनेमांतल्या गुंडांना, दारुड्यांना, तुरुंगाच्या शिपायांना तो आपल्या भाषेत आवाज द्यायचा. पस्तिसाव्या मिनिटाला मरणारा माणूस असला की त्याला फोन यायचा.

येशूवरच्या सिनेमासाठीही त्याला चोर म्हणूनच बोलावलं होतं. शेवटी शेजारच्या क्रुसावर टांगलेला असतो, तो चोर. तीन वाक्यं, अर्ध्या दिवसाचं काम. पण येशूचा आवाज देणारा नामवंत नट पहिल्याच दिवशी घसा धरून घरी गेला. निर्मात्याने कपाळावर हात मारला.

“खोकल्याला बसवून बघा,” रेकॉर्डिस्ट बाई म्हणाली. “तसाही इथंच चहा पीत बसलाय.”

बसवला. त्याने दोन वाक्यं म्हटली आणि काचेपलीकडे बसलेल्या तिघांनी माना डोलावल्या. निर्माता होता. त्याने सल्ल्यासाठी आणलेले फादर होते. आणि फादर फार बोलू नयेत म्हणून आणलेले इतिहासाचे प्राध्यापक होते.

भांडण अकरा वाजता सुरू झालं.

“आवाजाला थोडा एको हवा,” फादर म्हणाले. “कितीही झालं तरी तो देव आहे.”

“एको काढा,” प्राध्यापक म्हणाले. “सुताराचा मुलगा होता तो. विहिरीत उभा राहून बोलत नव्हता.”

बाईने बटण वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. जेवणाची सुट्टी झाली तरी येशूने पहिलं वाक्य पुरं केलं नव्हतं. शेवटी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “तुमचं आधी ठरू द्या. किती टक्के देव आणि किती टक्के माणूस, तेवढा आकडा सांगा. मी लावून मोकळी होते.”

निर्माता धंद्यातला माणूस. त्याने मांडवली केली. चमत्काराला चार, उपदेशाला दोन, जेवताना शून्य. फादरांनी जेवतानाही अर्धा मागून पाहिला, मिळाला नाही.

मग भाषेचं निघालं. फादरांना येशू ग्रंथातल्यासारखा बोलायला हवा होता, प्राध्यापकांना कोळ्यांच्या वस्तीत शोभेल असा. एका प्रसंगात येशू आपल्या आईला नुसतं ‘बाई’ म्हणतो, तिथे निर्माता उडालाच.

“आईला बाई? आमच्या मातोश्री पहिल्या रांगेत बसणार आहेत!”

“तेव्हाची रीतच तशी होती,” प्राध्यापक म्हणाले.

“होती ना? आता नाहीये. ‘अगं आई’ करा.”

“अगं?” फादरांचा चेहरा पडला. “निदान ‘अहो आई’ तरी.”

“अहो आई सासूला म्हणतात हो!” बाई काचेआडून ओरडली.

खोकला हे सगळं कान देऊन ऐकत होता. रात्रीच्या जेवणाला त्याने बायकोला विचारलं. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि दर रविवारी न चुकता प्रार्थनेला जायची. “तुला काय वाटतं, कसा बोलत असेल तो?”

“मला काय ठाऊक?” ती म्हणाली. “पण लोक हातातली कामं टाकून मागे गेले ना? म्हणजे नीट ऐकू येत असणार. त्या तुमच्या एकोत मला तर अर्धं कळत नाही.”

तिसऱ्या दिवशी देवळातला प्रसंग आला. येशू व्यापाऱ्यांची टेबलं उलथून टाकतो. खोकल्याने गुंडांसाठी राखून ठेवलेला सगळा जोर काढला आणि असा गरजला, की मीटरचा काटा लाल रेघेच्या पार गेला. काचेपलीकडे निर्माता दचकला.

“एवढा कुणावर ओरडतोय?”

“व्यापाऱ्यांवर,” फादर म्हणाले.

“म्हणजे आपल्या लोकांवरच की! बाल्कनीची तिकिटं कोण काढतं? जरा समजावणीच्या सुरात घ्या.”

फादरांनी हरकत घेतली नाही. त्यांच्या नव्या सभागृहाच्या दारावर दोन व्यापाऱ्यांची नावं होती. प्राध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. खोकल्याने पुन्हा म्हटलं, समजावणीच्या सुरात. पडद्यावर एक माणूस डोळे लाल करून लाथेने टेबलं उडवत होता आणि त्याच्या तोंडून बँकेच्या काउंटरवरचा आवाज येत होता.

“सुंदर,” निर्माता म्हणाला.

मग चौथ्या दिवशी आली क्रुसावरची शेवटची हाक. देवालाच विचारतो, मला का टाकलंस. फादरांचं म्हणणं, त्याला तीन दिवसांनी काय होणार हे ठाऊक आहे, तेव्हा पाठ केलेलं म्हटल्यासारखं शांतपणे म्हणावं. प्राध्यापकांचं म्हणणं, त्याला काहीच ठाऊक नाही, तो संपलाय. बोलता बोलता दोघं उठून पॅसेजमध्ये गेले. फादर प्राध्यापकांना ‘अर्धवट’ म्हणाले, प्राध्यापकांनी फादरांच्या वडिलांचा उल्लेख केला, आणि निर्माता सोडवायला धावला.

“बाहेर आहेत तोवर घेऊन टाक,” बाई हळूच म्हणाली.

खोकला पडद्याकडे बघत राहिला. बायको एकदा सांगत होती, वॉर्डात माणसं शेवटी ओरडत नाहीत. गर्दीत बोट सुटलेल्या पोरासारखी नुसतं ‘कुठं गेलीस’ असं विचारतात, आणि जी खोलीत नसते तिलाच विचारतात. त्याने तसं विचारलं. मोठ्याने नाही. आवाज मध्येच फाटला, तो त्याने सावरला नाही.

बाईने बराच वेळ बटण बंद केलं नाही.

तिघं आत आले आणि त्यांनी ते ऐकलं. “हा देव नाही,” फादर म्हणाले. “असं कोणी ऐकल्याचा पुरावा नाही,” प्राध्यापक म्हणाले. चार दिवसांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि दोघांनाही त्याचं समाधान वाटलेलं दिसलं.

“माणसं रडत घरी जातील,” निर्माता म्हणाला. “पुन्हा तिकीट कोण काढेल? व्हायोलिन टाका. चाळीस.”

खोकला काचेजवळ गेला. “साहेब, पाहिजे तर माझं नाव काढा, पण एवढं एक राहू द्या.”

“तुझं नाव कुठं टाकलंय?” निर्मात्याने मनापासून विचारलं.

व्हायोलिनं टाकली. सिनेमा जोरात चालला. दुसरा भाग काढायचंही ठरलं होतं, क्रुसानंतरचा, पण दुसरा भाग मुळात घडलाच नाही असं प्राध्यापकांनी लेखी दिलं आणि ते काम रखडलं.

आवाज कुणाचा हे मात्र हळूहळू पसरलं. दुकानदार त्याला ‘एकदा म्हणून दाखवा ना’ म्हणू लागले. एका लिफ्टच्या कंपनीने त्याच्याकडून ‘दार सोडा, सर्वांना सामावून घ्या’ असं रेकॉर्ड करून घेतलं. वरच्या मजल्यावरचे शेजारी तर रोज जिन्यात हात जोडायचे. सिनेमा त्यांनी चारदा पाहिला होता. त्यांची स्कूटर खोकल्याच्या दाराला इतकी चिकटून उभी असायची, की दार पुरतं उघडत नसे.

एका सकाळी शेजारी खाली आले तेव्हा खोकला अर्ध्या दारातून अंग चोरून बाहेर पडत होता.

“जरा तेवढी स्कूटर बाजूला घेता का?” तो म्हणाला. कामावर जायची वेळ झाली होती, कामाचा, येशूचा आवाज आपसूकच लागलेला होता.

शेजाऱ्यांनी डोळे मिटले. हात छातीशी नेले.

“पुन्हा म्हणा,” ते म्हणाले.

त्याने पुन्हा म्हटलं.

“अंगावर काटा आला बघा! शांत वाटलं अगदी.” डोळे पुसत ते वर गेले.

खोकल्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली, स्कूटर ओलांडली आणि तो कामाला गेला.