ट्राउटला शांतता लागते

पद्माकररावांनी मुलीकडे पाठ केली, दोऱ्याच्या टोकाला कणकेची गोळी लावली आणि काठी झटकून गोळी तळ्यात टाकली.

“आता बोलायचं नाही,” ते गार्गीला म्हणाले. “ट्राउटला शांतता लागते.”

सिंगापूरजवळच्या पुलाउ उबीन बेटावर ट्राउट मासा नसतो. काठ्या भाड्याने देणाऱ्या चिनी आजोबांनी हे सकाळीच सांगून टाकलं होतं. “नो ट्राउट लाह. कॅटफिश कॅन.” पद्माकररावांनी त्यांचे आभार मानले, मत मात्र बदललं नाही.

जन्मात अंडंही न खाल्लेल्या या गृहस्थांना सोमवारपासून अचानक डोंगरातल्या तळ्यावर मासे धरायचे होते. सिंगापूरला डोंगर पुरवता येईना, म्हणून गार्गीने रजा टाकून त्यांना बोटीने इथे आणलं. डोंगर म्हणजे एक चढ होता. सायकलवाली पोरं तो गप्पा मारत चढली. हे दोघं तीनदा बसले.

तिचा टी-शर्ट पाठीला चिकटला होता आणि सोमवारचा ईमेल अजून बाबांना सांगायचा राहिला होता. बाबांचा सिंगापुरात राहण्याचा लाँग टर्म व्हिजिट पास नामंजूर. शनिवारी निघावं लागणार. आणि बाबा तर कोथरूडचा फ्लॅट भाड्याने देऊन, फ्रिज शेजाऱ्यांना आणि तुळस वॉचमनला देऊन कायमचे आले होते. ईमेल वाचून ती लॅपटॉप तसाच उघडा टेबलावर टाकून बाथरूममध्ये जाऊन बसली होती. बाहेर आली तेव्हा बाबा टेबलाशी मटार सोलत होते. त्यांनी विचारलं, “इथे डोंगरात एखादं तळं आहे का गं?”

“बाबा, मला जरा तुम्हाला...”

“शू. आलाय.”

काही आलं नव्हतं. थोड्या वेळाने एक घोरपड आली आणि दोघांकडे बघून गेली. जेवताना गार्गीने पुन्हा सुरुवात केली, तर बाबांनी पोळीचा घास तसाच हातात धरून पाण्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्यांदा तिने नुसता श्वास घेतला, तरी शू झालं.

उन्हं कलल्यावर बाबा काठीवाल्या आजोबांकडे पाणी मागायला गेले. काठी कंटाळून कलंडली होती. गार्गीने ती उचलून दोरा ओढला. टोकाला अर्धी विरघळलेली कणीक होती. कणकेत गाठ होती. गळ नव्हता.

तो कणकेच्या डब्यात सापडला, टिश्यूत गुंडाळलेला, कोरडा.

तिला टेबलावरचा उघडा लॅपटॉप आठवला. मग तिने तो पुन्हा टिश्यूत गुंडाळला, नवी गोळी वळली, गाठीवर नीट दाबून बसवली आणि दोरा पाण्यात सोडला.

बाबा बाटली घेऊन आले आणि हळूच शेजारी टेकले. उघडा डबा त्यांना दिसला. त्यांनी त्याला झाकण लावलं. या वेळी ते शू म्हणाले नाहीत. हात मांडीवर ठेवून थांबले.

“हं,” ते म्हणाले. “काय सांगत होतीस?”

गार्गीने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“शू,” ती म्हणाली. “आलाय.”