दारातली सहा मिनिटं

“पुटपुटायचं असेल तर घरी पुटपुटा, बाई. इथे जीव पेशींपासून सुरू होतो, प्रार्थनेपासून नाही.”

‘प्रयोगशाळेत प्रार्थना करणार नाही’ असं हमीपत्र डॉक्टरांनी टेबलावर सरकवलं. बावीस वर्षं बाई या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत गर्भ सांभाळत होत्या. बशी उबेच्या कपाटात ठेवताना क्षणभर डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या, एवढाच काय तो गुन्हा. महिन्यापूर्वी रुजू झालेल्या या पोरसवदा साहेबांना तेवढंही खुपलं. बाईंनी सही केली नाही. “काम झालं की बघू,” म्हणाल्या आणि मास्क चढवला.

आजचं काम घरचं होतं. भाचीचा एकुलता एक गर्भ. आठ वर्षांत तीनदा रिकाम्या हातांनी परतलेली पोर. “आत्या, आता हे शेवटचं गं,” म्हणाली होती. सूक्ष्मदर्शकाखाली चार पेशी दिसल्या, टपोऱ्या, एकसारख्या. बाई मास्कच्या आत हसल्या. बशी उचलून शेजारच्या खोलीतल्या कपाटाकडे निघाल्या. बाहेर बशी गार पडते, म्हणून ही दहा पावलं त्या कुणाशी न बोलता चालायच्या.

दारात थोरला भाऊ उभा होता. भाचीचा बाप. चपलांसकट आत घुसलेला.

“देवाच्या कामात नाक खुपसतेस? माझ्या पोरीचं मूल काचेत?”

“दादा, सरक.”

“आधी सांग, जीव कोण घालतं? तू?”

मागून डॉक्टर धावत आले. बाईंना वाटलं, आता हे त्याला बाजूला ओढतील. पण प्रश्न साहेबांच्या जिव्हारी लागला होता.

“कुणी घालत नाही, काका! रसायनं असतात ती.”

“मग रसायनं कुणी केली?”

झालं, जुंपली. अब्जावधी वर्षांपूर्वीचा समुद्र निघाला, पुरावे निघाले, पाप निघालं. दार मात्र दोघांनी मिळून अडवलेलं.

“अहो, बशी गार पडतेय! भांडायचं तर बाहेर मरा!” बाई ओरडल्या.

“एक मिनिट, बाई,” डॉक्टर म्हणाले.

“तू गप्प बस,” भाऊ म्हणाला.

तेवढ्यापुरतं दोघांचं जमलं. शेवटी बाईंनी खांद्याने भावाला ढकललं आणि कपाट गाठलं. घड्याळात सहा मिनिटं गेली होती. डोळे मिटायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पेशी चारच. तिसऱ्या दिवशीही चारच. वाढ थांबली होती, गर्भ गेला होता.

“निसर्ग आहे, बाई. कधीकधी होतं असं,” डॉक्टर म्हणाले. भाऊ फोनवर म्हणाला, “देवाची इच्छा.” बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्या सहा मिनिटांनीच घात केला, हे बाईंना शपथेवर सांगता आलं नसतं. पण या दोघांना ती मिनिटं आठवतसुद्धा नव्हती! जीव कुठून येतो यावर घसा फोडणारे, जीव गेल्यावर किती गुण्यागोविंदाने हात झटकून मोकळे झाले होते.

अहवालात कारणाच्या जागी डॉक्टरांनी ‘अज्ञात’ लिहिलं होतं. बाईंनी ते खोडलं. ‘दार अडवलं होतं. सहा मिनिटं,’ असं लिहून खाली सही ठोकली. हमीपत्र शेजारी तसंच पडून होतं.

कागद घेऊन त्या बाहेर आल्या. अजून काहीच न कळलेली भाची बाकावर बसली होती. आत्याला पाहून ती हसत उठली.