आईच्या कानात कोण बोललं

दुपारच्या जेवणाला आईने पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला आणि अगदी अदबीने विचारलं, "सिस्टर, तुम्ही इथे नवीन का?"

मला हसूही आलं आणि रागही आला. हसू आलं, कारण तिने ते इतकं सहज विचारलं की समोर बसलेला कॅमेरामन घास हातात धरून बघतच राहिला. राग आला, कारण ही धाकट्याची नवी कानगोष्ट होती आणि नेहमीप्रमाणे मला तिचा पत्ता नव्हता.

"हो मदर, नवीनच," मी म्हटलं आणि मुकाट्याने जेवले.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. त्याचा हा पहिला सिनेमा. एका जुन्या कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या मदर सुपिरियरला हळूहळू वाटायला लागतं की आपल्या हाताखालच्या नन या नव्हेतच, कुणीतरी त्या बदलून टाकल्यात. भूत नाही, रक्त नाही, आपोआप उघडणारी दारं नाहीत. "भीती डोक्यात असते, ताई," असं तो मला समजावायचा. मी म्हणायचे, "डोक्यातच असणार. बाहेरची तुला परवडते कुठे?"

परवडत काहीच नव्हतं. कॉन्व्हेंट खरं होतं, पण रिकामं पडलेलं. शेवटच्या नन दुसरीकडे राहायला गेल्या होत्या आणि भिंतींवर काढून नेलेल्या तसबिरींचे चौकोन तेवढे उरले होते. झगे आम्ही घरच्या पडद्यांचे शिवले होते. कॅमेरामन आमचा मावसभाऊ. बाकीच्या नन ओळखीपाळखीच्या बायका. मदर सुपिरियर आमची आई, जिने जन्मभर बालवाडीत मुलांना गोष्टी करून दाखवल्या होत्या आणि एरवी स्टेजवर पाय ठेवला नव्हता. आणि मी कंटिन्युइटीला. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये मेणबत्ती कुठल्या हातात होती, डोक्यावरचं कापड किती सरकलं होतं, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि चुकलं की ओरडायचं. ओरडायला मी बरी, असं धाकट्याचं मत. वर माणसं कमी पडतात म्हणून मलाही झगा घालून मागच्या रांगेत उभं केलं होतं.

कानगोष्ट ही धाकट्याची काम करायची पद्धत. शॉटच्या आधी तो एकेकाला बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगायचा. एकीला सांगायचा, ती खोटं बोलतेय असं समज. दुसरीला सांगायचा, तिच्याकडे बघूच नकोस. कुणाला काय सांगितलंय हे बाकीच्यांनी विचारायचं नाही, समोरचा वेगळं वागला तर निभावून न्यायचं. आणि झगा अंगावर असेपर्यंत एकमेकांना सिनेमातल्या नावानेच हाक मारायची, जेवतानासुद्धा. या दोन नियमांनी मला वैताग आणला होता, पण पडद्यावर परिणाम दिसत होता हे खोटं कशाला बोलू?

आईचा तर फारच. खिडक्यांना आम्ही काळं कापड मारलं होतं, त्यामुळे आत कायम रात्र असायची. त्या रात्रीत आई मेणबत्ती लावायची, दोन पावलं जायची, परत यायची आणि पेटलेल्या मेणबत्तीलाच पुन्हा काडी लावायची. मी ओरडले, "मदर, मेणबत्ती आधीच लावलीय!" तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या अंगावर काटा आला. धाकटा मॉनिटरमागे मुठी आवळून नाचत होता. "कुणी काही बोलू नका! हेच ठेवायचं." त्यानंतर त्याने मावसभावाला सांगून टाकलं, आई सेटवर आली आणि सुरू झाली की कॅमेरा सुरू करायचा, आपल्याला विचारायचंही नाही.

मी आणि आई एकाच खोलीत झोपायचो. तिथेही ती झगा उतरवायला तयार नसायची. म्हटलं, असू दे, म्हातारपणी हौस आलीय. खरं तर मला थोडा मत्सरच वाटत होता. धाकट्यासाठी ही सत्तरीची बाई एवढी जीव ओतून काम करते. माझ्या कुठल्या कामात तिने कधी एवढं लक्ष घातलं होतं?

त्या जेवणानंतर मी हात धुऊन येत होते. बोळात तिने माझं मनगट धरलं. तिचे हात थंडगार होते.

"सिस्टर, जरा ऐका," ती कुजबुजली. "मला घरी जायचंय. इथे कुणी मला ओळखत नाही. दार कुठल्या बाजूला आहे तेवढं सांगा, मी जाईन माझी मी."

किती छान बोलली, असं माझ्या मनात आलं. आणि मीही काही कमी नाही हे दाखवायला सिनेमातलं वाक्य तिला फेकून दिलं. "मदर, हेच तुमचं घर."

तिने मान डोलावली. हात सोडला. "बरं," म्हणाली आणि भिंतीला हात लावत लावत गेली.

कॅमेरा नव्हता. बोळात कुणीच नव्हतं. हे माझ्या ध्यानात यायला अंगणात पोचावं लागलं. बाहेर लख्ख ऊन होतं आणि धाकटा पायरीवर बसून चहा पीत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हे बघ," मी म्हटलं, "तुझ्या कानगोष्टी तुझ्यापाशी. पण आईला जेवतानासुद्धा असलं काहीतरी करायला सांगत जाऊ नकोस. थकते ती. आत्ता बोळात काय काय बोलली माझ्याशी!"

"काय बोलली?"

मी सांगितलं. तो हसला. "ताई, कमाल आहे तुझी. किती तालीम घेतलीस गं तिची? मी तर ठरवलंच होतं, तिला काही सांगायचं नाही. तू खोलीत तयारी करून घेतेस, ती मी बिघडवायची नाही."

"मी?" मी म्हटलं. "मी कशाला तयारी घेऊ?"

"मग मेणबत्तीचं?"

"ते तू सांगितलंस."

"नाही."

"आणि 'तुम्ही इथे नवीन का' असं मला विचारायला?"

"नाही, ताई. शप्पथ." त्याच्या हातातला कप तिरका झाला आणि चहा पायजम्यावर सांडला, तरी तो हलला नाही. "मी आईच्या कानात एकदाही काही सांगितलेलं नाही."

तिचं प्रत्येक विसरणं त्याने माझ्या खात्यावर मांडलं होतं आणि मी त्याच्या. मधल्यामध्ये आई आम्हा दोघांना घरचा रस्ता विचारत होती आणि आम्ही तिला शाबासकी देत होतो.

मी धावले. झगा पायात येत होता. खोलीत ती नव्हती, बोळात नव्हती. प्रार्थनेच्या दालनात दिवे लागले होते आणि ती मधोमध खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर, तोंड दाराकडे. मावसभाऊ कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता. नियमच होता, ती सुरू झाली की कॅमेरा सुरू. शेवटचा प्रसंग होता हा: मदर सुपिरियर वाट बघत बसते आणि कुणीच येत नाही.

मी आत घुसणार तोच धाकट्याने मागून माझा दंड धरला. तो धापा टाकत होता.

"एवढं होऊ दे," तो कुजबुजला. "ताई, पाया पडतो. एवढाच शॉट. मग आपण लगेच निघू, डॉक्टर, जे म्हणशील ते. परत तिला हे जमेल का सांग?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हाताची पकड मात्र सुटत नव्हती. लहानपणी याच्या किती मारामाऱ्या मी अंगावर घेतल्या असतील! त्या क्षणी मात्र मला त्याची किळस आली, आणि माझीही, कारण त्याचं म्हणणं मला कळत होतं. आई दिसतच तशी होती. अख्खा सिनेमा तिच्या चेहऱ्यावर होता.

मी हिसका देऊन दंड सोडवला आणि चालू कॅमेऱ्यासमोर शिरले. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"आई," मी म्हटलं. मदर नाही. "आई, चल. घरी जाऊ."

ती दचकली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली.

"बाजूला व्हा हो, सिस्टर," ती दबक्या आवाजात म्हणाली. "माझा मुलगा शूटिंग करतोय. पहिलाच सिनेमा आहे त्याचा. आपण मध्ये आलो तर बिघडेल."

मागे धाकट्याच्या तोंडून "कट" निघालं, पण शब्द अर्धाच बाहेर आला. मावसभावाने कॅमेरा बंद केला.

"झालं का नीट?" आईने मला विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "छान झालं."

"मग मी इथेच बसते थोडा वेळ. माझी मुलगी यायची आहे मला न्यायला." ती माझ्याकडे जरा वाकली, जशी एखाद्या परक्या बाईला घरातली गोष्ट सांगावी तशी. "तोंडाने फार फटकळ आहे. आधी चिडेल, ओरडेल. पण येईल. आजपर्यंत कधी आली नाही असं झालेलं नाही."

मला तिला ओरडून सांगायचं होतं की मीच ती. ओरडायला मी बरी. पण मी नुसते हात वर केले आणि तिच्या डोक्यावरच्या कापडाच्या टाचण्या काढायला लागले.