पाच ते सहाची शेड

वर्षालीनं कार्यक्रमाचे पास पुढे केले, तेव्हा नत्थुजी आपल्या शेडच्या दाराशी संत्र्यांच्या उलट्या कॅरेटवर बसून चहा पीत होते. त्यांनी पास घेतले नाहीत. कप खाली ठेवला आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या अंकुर-देवानंदकडे पाहिलं.

"अमरावतीले? आजच?"

"हो काका, संध्याकाळी. तुमाले स्टेजवर बोलावून सत्कार करायचा आहे."

तिघं वरूडच्या एकाच शाळेतले. नववीत असताना त्यांनी पॉप-पंक बँड काढला. वर्षाली गिटार वाजवत ओरडून गायची, अंकुरकडे बेस, देवानंदकडे ड्रम. घरचे दोन दिवसांत वैतागले, शाळेनं खोली नाकारली. नत्थुजींनी मात्र संत्र्यांची ही पॅकिंग शेड रोज पाच ते सहा त्यांना मोकळी करून दिली. दोन वर्षं ते इथेच वाजवत राहिले. वऱ्हाडी बोलीतली त्यांची धावती, चिडकी, हसरी गाणी आधी अकोल्यात एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गाजली, मग मोबाइलवरून कुठच्या कुठे पोचली. यंदा पुण्यात, बंगळूरात हाउसफुल्ल कार्यक्रम झाले. अमरावतीतला आजचा पहिलाच, आणि त्याचीही सगळी तिकिटं गेली होती.

"सत्कार माहा नका करू," नत्थुजी म्हणाले. "मी तं नाहीच म्हणत होतो. सीझनमधे सहा वाजेपर्यंत काम चाले. शेड कशी देऊ?"

"मंग देली कशी?" देवानंदनं विचारलं.

नत्थुजींनी हनुवटीनंच आत दाखवलं. तिथे सात-आठ बाया संत्री निवडत बसल्या होत्या.

"माणिकबाई आली माह्यापाशी. म्हणे, दुपारची सुट्टी आमी घेत नाही, पाचले काम उरकतो, पोट्ट्यायले वाजवू द्या. दोन सीझन दुपारची पाठ टेकली नाही या बायांनी."

अंकुरनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

वर्षाली आत जाऊन माणिकबाईंसमोर जमिनीवर बसली. चेहरा ओळखीचा होता. या बाया बाहेर पडत, तेव्हा ती गिटार सावरत त्यांच्यामधून आत घुसायची. कधी दोन शब्द बोलल्याचं तिला आठवेना.

"मावशी, काहून केलं आमच्यासाठी एवढं?"

माणिकबाईंचे हात थांबले नाहीत.

"तुमच्यासाठी कुठं?" त्या म्हणाल्या. "घरी जाताना आमी त्या भिंतीमागं थोडा वेळ उभ्या राहो. आमाले कोणी कधी मोठ्यानं बोलू देलं नाही, बाई. तू वरडे, तं आमाले बरं वाटे."

वर्षालीनं सगळे पास त्यांच्या ओटीत ठेवले. ती पाया पडायला वाकली, तर माणिकबाईंनी धुळीनं भरलेल्या हातांनी तिला मध्येच धरलं.

"येतो आमी सगळ्या," त्या म्हणाल्या. "पण नातीच्या फोनवर तुहं नवं गाणं ऐकलं मी. लय गोड गायली तू. आज तसं नको गाऊ."